बुजवलेल्या फटी

गल्लीच्या तोंडाशी बांबूंचा ट्रक उलटा शिरायला लागला, की मी समजते, पावसाळा उतरला. ट्रकच्या मागे एक जण पत्र्यावर थापा मारत ‘आने दे, आने दे’ करत असतो. अडकलेल्या रिक्षांचे हॉर्न, क्लासला निघालेल्या पोरांच्या सायकली, आणि मग बांबू जमिनीवर ओतल्याचा तो पोकळ, लांबलचक खडखडाट. कामोठ्यातल्या दसऱ्या-दिवाळीच्या मधल्या दिवसांना मी मनातल्या मनात परांच्यांचे दिवस म्हणते. चार महिने पाणी प्यालेल्या इमारती उन्हात उभ्या असतात. भिंतींवर शेवाळाचे काळे ओघळ, खिडक्यांखाली मिशा फुटल्यासारखे. कुठल्या ना कुठल्या सोसायटीची मीटिंग नुकतीच भांडून संपलेली असते. मग बांबूला बांबू काथ्याने आवळले जातात, त्यावर हिरवी जाळी चढते आणि आख्खी इमारत दिसेनाशी होते.

मला त्या जाळीचा राग येतो. धूळ बाहेर जाऊ नये म्हणून लावतात म्हणे. खरंही असेल. पण झाकलेलं काहीही दिसलं, की आत काय चाललंय हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. भरावावर उभी केलेली घरं, गंजलेल्या सळ्या, दिवाळीच्या तोंडावर भराभर रंगवून टाकलेल्या भेगा. कागदाच्या दोन्ही बाजू भरून मजकूर, वर ‘नागरिकहो, विचारा’, खाली प्रश्न. उत्तरांसाठी जागा कधी पुरली नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तरं कुणी दिलीही नाहीत.

यंदा समोरच्या इमारतीची पाळी आहे. सकाळपासून हातोडे चालू आहेत. टक, टक, टक, आणि मग प्लास्टरचा पोपडा सुटून खाली पडल्याचा धप्प आवाज. खिडकी लावली तरी धूळ येतेच. टेबलावर बोट फिरवलं की रेघ उठते. ही पिठासारखी धूळ जिभेवर आली की अजून माझा जीव गोळा होतो, कारण एका ऑक्टोबरात ती आमच्याच भिंतींची होती आणि आईच्या छातीत जाऊन बसत होती.

आईला दमा आहे. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, कामोठ्याच्या या दोन खोल्यांत. त्या वर्षी आमच्या इमारतीचे पार्किंगमधले खांब फुगले. काँक्रीट तडकून बाहेर आलं आणि आतल्या सळ्या दिसायला लागल्या, सुक्या बोंबलांसारख्या, हात लावला की पापुद्रे सुटणाऱ्या. दुरुस्ती करावीच लागणार होती, त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. वाद सुरू झाला तो मीटिंगमध्ये, सावंतकाकांच्या एका वाक्यावरून. सावंतकाका आमचे सेक्रेटरी. पूर्वी बँकेत होते आणि अजूनही बोलताना समोरच्याला काउंटरपलीकडे उभं करतात.

“ज्यांना धुळीचा त्रास आहे,” ते म्हणाले, “त्यांनी काम संपेपर्यंत नातेवाइकांकडे राहून यावं. सगळ्यांच्याच सोयीचं होईल.”

मी उभी राहिले. “सोयीचं म्हणजे कुणाच्या?”

“अगं, तुझ्या आईच्याच सांगतोय. किती खोकतात त्या.”

“मग परत येऊ द्याल, असं लेखी द्या.”

लोक हसले. पहिल्या मजल्यावरच्या रुकय्याखाला माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांचे यजमान कित्येक वर्षं आखातात, त्यामुळे मीटिंगला नेहमी त्याच. त्यांनी माझी ओढणी धरून मला खाली ओढलं.

“अगो, तुझ्याच घरात तू परत येशील. त्यात लेखी कसलं?”

“खाला, आधी माणसं हलवतात. मग म्हणतात, इमारत धोकादायक निघाली. मग आपण भाड्याच्या खोलीत आणि इथे टॉवरचा बोर्ड.”

“तुझा शक म्हणजे ना, तौबा. लग्नात अक्षता पण तू निवडून घेशील.”

मी हसले नाही. असं घडलेलं मी पाहिलेलं होतं. खारघरपासून खांदेश्वरपर्यंत हिंडून माणसांशी बोलले होते. दिवाळीपुरतं म्हणून घर सोडलेली माणसं अजून भाड्याच्याच खोल्यांत होती आणि त्यांच्या जुन्या पत्त्यावर पत्र्यांचं कुंपण होतं. तेव्हा आमच्या घराला कुलूप लागणार नाही, हे माझं ठरलेलं होतं.

काम सुरू झालं तशी मी पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागले. ठेकेदाराची एक सवय माझ्या लक्षात आली होती. सकाळी फोडलेला खांब तो संध्याकाळी बंद करून टाकायचा. आत काय होतं, किती गंज काढला, नवी सळई बांधली की नाही, काही कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, रहिवाशांनी पाहिल्याशिवाय एकही खांब झाकायचा नाही. ठेकेदार म्हणाला, मॅडम, हवा लागून सळई खराब होते. मी म्हटलं, ती इतकी वर्षं आतल्या आत खराब झाली, अजून एक दिवस बाहेर होऊ दे. पाण्याच्या पंपाच्या मागचा खांब मात्र मी शिकवते त्या क्लासवरून यायच्या आत झाकला गेला होता. प्लास्टर ओलं होतं. मी घराच्या किल्लीने खरवडलं, आणि आतून लाल चिखल निघाला. गंज तसाच, त्यावर सिमेंटचा हात. सावंतकाकांना खाली बोलावलं. ते बराच वेळ त्या लाल रेघेकडे बघत राहिले आणि मग ठेकेदाराला जे बोलले ते बँकेत शिकवत नसावेत. तो खांब पुन्हा फोडला गेला, सळ्या घासल्या गेल्या, नव्या बांधल्या गेल्या. आज आम्ही सगळे त्याच्यावरच उभे आहोत.

हे मुद्दाम सांगते आहे. पुढचं वाचून कुणी मला शिकवायला येईल, की संशय वाईट असतो. येऊ नका. पंपामागचा खांब आधी बघून या.

पण खाली मी खांब राखत होते आणि वर आई बसली होती. दारांना, खिडक्यांना ओल्या चादरी. तरी धूळ यायची. दह्यावर साय धरावी तशी ती सगळ्यावर धरायची. आई वाक्य अर्ध्यावर सोडायला लागली होती. उरलेलं हाताने सांगायची. ‘गॅसवर ते’ म्हणायची, आणि बोटं हवेत फिरवून ‘ढवळ’. ‘खालचा माणूस’ म्हणायची, आणि हात उडवून ‘येऊन गेला’. जिन्यावर तर ती कठड्याला धरून उभीच राहायची, शेजाऱ्यांना वाटावं की कुणाची तरी वाट बघते आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, औषध वाढवून किती वाढवणार, यांना या धुळीतून काढा. मी मान हलवली आणि घरी येऊन चादरी पुन्हा ओल्या केल्या.

अशात हिरामामा आला. आईचा धाकटा भाऊ. मामा जिना चढायच्या आधी त्याचा परफ्यूम चढतो. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, पायात मात्र चप्पल, कारण बुटात त्याचे पाय गुदमरतात. आईचं माहेर खाडीकाठच्या ओवे गावचं. आजोबांची भातशेती होती, मिठागरात वाटा होता आणि खाडीत एक होडी होती. मिठागर आणि शेत शहराच्या पोटात गेलं. मामाकडे आता भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत आणि पनवेलजवळच्या नेरे गावाच्या पुढे थोडी जमीन.

तो आत आला, चादर बाजूला केली, बहिणीकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, “बाय, उठ. पिशवी भर.”

“कुठं?” आईने हातानेच विचारलं.

“नेऱ्याला. घर बांधलाय. लाकडाचा. तुझ्यासाठीच बांधलाय.”

त्याने खिशातून घडी घातलेला चकचकीत कागद काढला. एक सोनेरी लाकडी घर, मागे बर्फाचे डोंगर, दारात गोरी मुलं. वर लिहिलं होतं, निरोगी घर, श्वास घेणारं घर. मी तो कागद हातात घेतला तशी मामाने खुर्ची ओढली. पुढे काय होणार हे त्याला माहीत होतं.

“लाकूड कुठलं?”

“परदेशातला.”

“कुठल्या परदेशातला?”

“अगो, थंड परदेशातला.”

“वाळवी लागू नये म्हणून त्याला काय पाजलंय?”

“ते मला नाय माहीत. तू इचार त्यांना. तू पोलिसात जायला पायजे होतीस, ऐकलास कं बाय?”

“इथे छापलंय, सिमेंटच्या घरात माणूस आजारी पडतो. पुरावा?”

मामाने आईकडे बोट दाखवलं. “यो समोर बसलाय तो काय हाय?”

आईला हसू आलं, हसण्यातून खोकला आला आणि खोकला थांबेना. मी पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. तिला जायचं होतं. मला दिसत होतं. मी म्हटलं, आधी मी घर बघणार. आणि तू गेलीस तरी मी इथेच राहणार, दाराला कुलूप लागणार नाही. तिने मान डोलावली. दोन्हीला.

नेऱ्याच्या रस्त्याला तेव्हा भात कापत होते. कापलेल्या पेंढ्याचा गोड, कोमट वास गाडीत भरला होता. गवताचे शेंडे पिवळे पडायला लागले होते आणि डोंगर धुऊन वाळत घातल्यासारखे जवळ आले होते. मामाचं घर काँक्रीटच्या बुटक्या ठोकळ्यांवर उभं होतं, जमिनीला न टेकता. ओंडक्यावर ओंडका, प्रत्येकाची खाच खालच्याच्या पाठीवर बसवलेली, कोपऱ्यांत एकमेकांत बोटं गुंतवल्यासारखी. आत शाळेतल्या पेन्सिलीच्या सालीचा वास होता. मला तो आवडला, आणि आवडला म्हणूनच मी सावध झाले. आवडणारी गोष्ट विकणं सगळ्यात सोपं असतं.

घर ताब्यात द्यायला कंपनीचा मुलगा आला होता, प्रतीक नावाचा, माझ्याच वयाचा, त्या उन्हातही टाय लावलेला.

“मॅडम, सुरुवातीला घर थोडं बसेल,” तो म्हणाला. “लाकूड वाळतं, ओंडके खाली सरकतात. म्हणून खिडक्यांच्या वर जागा सोडली आहे.”

“आमच्याकडे घर बसलं की अग्निशमन दल येतं.”

तो प्रामाणिकपणे गोंधळला. मग त्याने जमिनीखालच्या आणि छपराखालच्या जाळ्या दाखवल्या. “ह्या कधी बंद करू नका. इथून हवा फिरते. लाकूड श्वास घेतं, मॅडम.”

“झाड मेलंय ना? मग श्वास कसला घेतं? कंपनीत हे पाठ करून घेतात का तुमच्याकडून?”

“थोडं करून घेतात,” तो म्हणाला. तेवढ्यापुरता तो मला बरा वाटला. लाकडाला कुठलं रसायन लावलंय याची माहिती पाठवतो म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही.

मामा आमचं काहीच ऐकत नव्हता. हात मागे बांधून तो भिंतीच्या कडेकडेने चालत होता, मध्येच थांबून दोन ओंडक्यांच्या सांध्यात नख घालून बघत होता. त्याच्या कपाळावर आठी होती. एवढ्या हौसेने बांधलेल्या घरात ही आठी कशाची, असा प्रश्न मला पडायला हवा होता. माझे सगळे प्रश्न टायवाल्याकडे लागलेले होते.

आई तिकडे गेली आणि आठवडाभरात माझ्याशी फोनवर भांडली. मी जेवले नाही म्हणून, आधी हळू, मग चांगलं कडकडून, एकही वाक्य न तोडता. मी फोन कानाला लावून पार्किंगमध्ये उभी होते, खांबांच्या मधोमध, धुळीत, आणि मला इतकं बरं वाटत होतं. भांडायला श्वास लागतो. ती आता तिथे खिडक्या उघड्या टाकून झोपायची. सकाळी मामाकडच्या कोंबड्यांना दाणे टाकायची. ओव्याची, नेऱ्याची माणसं भेटून तिची भाषा परत आमी-तुमीवर गेली होती. चकचकीत कागदावर छापलेलं खरं निघत होतं आणि त्याचा मला थोडासा रागच येत होता.

नंतरच्या एका फेरीत मला वास आला. पेन्सिलीच्या सालीचा नव्हे. काळा, चिकट, घशात उतरणारा.

“हा कसला वास?” मी विचारलं.

“नव्या घराचा,” मामा म्हणाला. “जाईल.”

आई भावाकडे बघत म्हणाली, “नाक चुरचुरतं जरा. एवढं काय नाय.”

मी तिथेच उभ्या उभ्या प्रतीकला मेसेज लिहिला, लांबलचक, पत्रकाच्या भाषेत. तुमच्या लाकडातलं रसायन उन्हाने बाहेर पडतं आहे, जबाबदार कोण. त्याचं उत्तर आलं, मॅडम, आमच्या लाकडाला असा वास नसतो. मी मनात म्हटलं, हो, आणि आमच्या खांबांनाही गंज नव्हता.

मग पाऊस परत आला. ऑक्टोबरात एखादी दुपार अशी येते. उकाडा चढत जातो, कापलेलं भात शेतात पसरलेलं असतं आणि माथेरानच्या बाजूने आभाळ एकदम शाईसारखं उतरतं. मी आईचा डबा घेऊन रिक्षात होते. बाया शेतातून पेंढ्या उचलून पळत होत्या. नेऱ्याच्या पुढे रिक्षा वळली आणि मला लांबूनच ती दिसली. आई. घराच्या लाकडी पायरीवर, भर पावसात, दाराकडे पाठ करून बसलेली. मामा तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता आणि स्वतः चिंब भिजत होता.

“आत चल, बाय,” तो म्हणत होता. “आत एक थेंब नाय. बघ तरी. एक थेंब नाय.”

आई मान हलवत होती. तिचे खांदे वर गेलेले, तोंड उघडं, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ. मी जवळ गेले तर तिने बोट दाराकडे केलं आणि तळवा छातीवर ठेवला. मी पिशवीतला दम्याचा पंप तिच्या तोंडाशी धरला. दाराच्या फटीतून आतली हवा माझ्या तोंडावर आली. पाऊस आला म्हणून लावलेल्या खिडक्यांमागे कोंडलेली, दिवसभर तापलेली, काळी, तेलकट हवा. मामाच्या गाडीत घालून आम्ही तिला पनवेलला आणलं. रस्ताभर मामा एकच वाक्य म्हणत होता, की आत एक थेंबसुद्धा आला नव्हता. दवाखान्यात तिच्या तोंडाला वाफेचा मुखवटा लावला. संध्याकाळपर्यंत खांदे खाली आले. डॉक्टरांनी विचारलं, कोंडलेल्या खोलीत होत्या का, कसला उग्र वास होता का. मी म्हटलं, होता. आणि तो कुणाचा आहे ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी आईपाशी मामीला बसवून मी एकटी नेऱ्याला गेले. पुरावा गोळा करायला. मथळा डोक्यात तयार होता, ‘निरोगी घराचा रोग’. मोबाइलची बॅटरी लावून मी घराखाली पालथी सरकले. ओल्या मातीवर कोपरं टेकवत वर पाहिलं, तर लाकडाला खालून काळं तेल चोपडलेलं. ट्रकच्या इंजिनातून काढतात ते, गावाकडे कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावतात ते. जाळ्या सगळ्या बंद. गोणपाट कोंबून वर डांबर थापलेलं. मी फोटो काढत गेले. लपवत नाही, त्यात थोडा आनंद होता. सापडले, असा. छपराखालच्या जाळ्याही तशाच. मग मी भिंतीशी आले. ओंडक्यांच्या सांध्यांतून सूत घातलेलं होतं. कापसाचं, पीळ दिलेलं, छिन्नीने एकसारखे ठोके मारत आत बसवलेलं, आणि वर राळेचा गुळगुळीत हात. एकही ठोका वेडावाकडा नाही. बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता.

कुठली कंपनी एवढं निगुतीने फसवते?

पावसाळ्यात खाडीकाठी पालथी घातलेली आजोबांची होडी मी पाहिली आहे. फळ्यांच्या फटींत असंच सूत, वर अशीच राळ. हा कुणाचा हात आहे हे मला कळलं तेव्हा मी खाली मातीत बसले. फोटो मोबाइलमध्ये होते, मथळा तयार होता.

समोरचे हातोडे आत्ता थांबलेत. जेवणाची सुट्टी झाली असेल. जाळीच्या आड कुणीतरी रेडिओ लावलाय, आणि मी हे लिहिताना विचार करते आहे की पत्रकाला नेहमी एक ‘ते’ लागतात. त्यांनी झाकलं, त्यांनी फसवलं, त्यांना जाब विचारा. ‘ते’ असतात, म्हणून तर मी लिहिते. पण कुणाच्या तरी मायेने, हाताने, दुपारच्या दुपार वाकून बुजवलेल्या फटींबद्दल काय लिहायचं? तिथे जाब कुणाला विचारायचा? मी प्रतीकला एवढंच कळवलं, की वास तुमच्या लाकडाचा नव्हता. त्याने अंगठा पाठवला. माफीचं मी काही लिहिलं नाही. रसायनाची माहिती त्याने आजतागायत पाठवलेली नाही.

त्या दिवशी मामा नेऱ्याला आला तेव्हा मी घराच्या पायरीवर होते. माझ्या कपड्यांना लागलेलं काळं त्याने पाहिलं, आणि मी काय पाहिलं ते त्याला कळलं.

“तू केलंस?” मी विचारलं.

“मीच. दुसरा कोन करणार?”

“जाळ्या बंद करू नका, असं सांगितलं होतं ना त्याने?”

“सांगतीलच ते. एवढा नवा घर, पोरी, आणि फटी. नख जात होता आत. मी बोललो, फसवला आपल्याला. वर म्हणतो कसा, हवा पायजे. काम अर्धा टाकायचा आणि नाव हवेचा. मी तुझाच मामा हाय, मला शक नाय येणार? सांध्यातनं पावसाची झड आत शिरली, ओल धरली, तर तिला परत खोकला. जाळीतनं साप आला म्हणजे? म्हणून सगळा नीट घट्ट करून घेतला. पाणी भरून ठेव, खाली गळणार नाय.”

त्याच्या नखांत राळ होती. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर डाग होता. त्याच्या सदऱ्यावर डाग मी कधी पाहिला नव्हता.

दोन दिवसांनी आईला सोडलं. मी म्हटलं, कामोठ्याला चल, चादरी मी दुप्पट लावते. खाला म्हणाल्या होत्या, माझ्या मागच्या खोलीत ठेव, तिथे धूळ कमी. आई ऐकेना. म्हणाली, आधी हिऱ्याला भेटू. मी म्हटलं, त्या घरात तू पाय ठेवायचा नाही. ती म्हणाली, नाही ठेवत, बाहेर बसते.

आणि खरंच ती बाहेर बसली, त्याच पायरीवर, अंगावर शाल घेऊन. मामा अंगणात आंब्याला टेकून उभा राहिला. जवळ येईना. येताना त्याने परफ्यूम लावला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं.

“बाबांनी शिकवलेला काम हाय ते, बाय,” तो लांबूनच म्हणाला. “त्या होडीत कधी पाणी आलाय कं, तूच सांग.”

“कधी नाय आला,” आई म्हणाली.

“मग?”

आईने दम घेतला. बराच वेळ घेतला.

“होडीत आपण वर उघडे बसायचो रे, हिऱ्या.”

मामा आंब्याचं एक पान तोडून त्याच्या घड्या घालत राहिला. घड्या घालून संपल्यावर पान टाकलं आणि पडवीतली पेटी उघडली. त्यातून छिन्नी काढली, एक लोखंडी आकडा काढला, आणि चप्पल बाहेर सोडून आत गेला. पहिल्यांदा राळ फुटल्याचा आवाज आला. मग तो सूत ओढत दारात आला. लांबच लांब, काळं पडलेलं, अजून पीळ न सुटलेलं. ते त्याने कोपरावर गुंडाळून घेतलं, तसं फेकून देणं त्याला जमलं नसावं. मी जाळ्यांतलं गोणपाट उपसायला घराखाली शिरले. वरून त्याचे ठोके ऐकू येत होते. घालतानाचे ठोके कसे पडले असतील ते मी पाहिलं नव्हतं, पण काढतानाचे फार हळू होते.

दुपार कलली तेव्हा एक आख्खी भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी झाली होती. वास जायला किती दिवस लागतील, याचा भरवसा नव्हता. खालचं तेल तर रंधा मारूनच काढावं लागणार होतं. आई उठली, शाल सावरत भिंतीपाशी गेली आणि दोन ओंडक्यांच्या मधल्या सांध्यावर तिने हात आडवा धरला. मामा आतल्या बाजूला होता. तिकडून त्याचा आवाज आला.

“लागतो कं वारा?”

“लागतो.”

माथेरानच्या बाजूला पुन्हा आभाळ जमत होतं. आईने तिकडे पाहिलं, मग हात न काढता फटीशी तोंड नेऊन म्हणाली, “पाऊस पन येल रे इथनं.”

आत छिन्नीचा आणखी एक ठोका पडला.

“येवं दे,” मामा म्हणाला. “पुशीन मी.”